बिनीचे सूर : जॅझमधील ‘अवाँ-गार्द’ या बिरुदाचा अर्थ

परभणी जिल्ह्यातील धर्मग्रामांत जे त्रैमासिक वाचले जाते त्यात जॅझविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. गोदाकाठच्या या मुलखात भजन आहे, कीर्तन आहे, जात्यावरच्या ओव्यांची आठवण आहे. चर्चमध्ये पेटी-तबला आहे आणि अलीकडे कीबोर्डही आला आहे. जॅझ मात्र नाही. तरीही या विषयाकडे वळण्यास आम्हांला दोन कारणे दिसतात. पहिले असे की, भारतात जॅझ रुजवण्यात सर्वांत मोठा वाटा गोव्याच्या कॅथलिक वादकांचा होता आणि त्यांतील बहुतेकांची स्वरांशी पहिली ओळख धर्मग्रामाच्या शाळेत झाली. दुसरे असे की, जॅझच्या समीक्षेत गेली साठ वर्षे ‘अवाँ-गार्द’ हे एक बिरुद वावरत आहे. कोणी ते मानाने लावतो, कोणी हेटाळणीने. आपल्याकडेही नवी कविता, नवे भक्तिगीत, नवी चाल यांना अशीच बिरुदे चिकटतात आणि मग त्या कृतीऐवजी बिरुदावरच वाद झडतो. या एका शब्दाचा नीट अर्थ लावता आला, तर नव्याची पारख करण्यास एखादी कसोटी हाती येईल, अशी आमची धारणा आहे.

शब्द मूळचा फ्रेंच आणि मूळचा लष्करी. मुख्य सैन्याच्या पुढे चालणारी तुकडी म्हणजे अवाँ-गार्द. फ्रान्समध्ये साँ-सिमाँच्या अनुयायांनी १८२५ साली तो शब्द कलावंतांना लावला. समाजाच्या पुढे कलावंताने चालावे, असा त्यांचा आशय होता. मराठीला या शब्दासाठी उसनवारी करण्याची गरजच नव्हती. मराठ्यांच्या फौजेत आघाडीच्या तुकडीला ‘बिनी’ म्हणत. अठराव्या शतकात उत्तरेच्या मोहिमेवर गेलेल्या विसाजी कृष्ण यांचे ‘बिनीवाले’ हे नाव त्यातूनच आले. आजही एखाद्याला आपण ‘बिनीचा शिलेदार’ म्हणतो, तेव्हा फ्रेंच शब्दाहून काही वेगळे सांगत नसतो.

बिनी या शब्दाचा लष्करी अर्थ विसरला की घोटाळा सुरू होतो. बिनीच्या तुकडीचे तीन धर्म असतात. तिच्या पाठीमागे फौज असते; ती चालते ती वाट मागून येणाऱ्यांसाठी असते; आणि पहिला वार ती स्वतःच्या छातीवर घेते. ज्याच्या मागे कोणी नाही, ज्याला कोणासाठी वाट काढायची नाही, असा एकटाच दौडत सुटलेला स्वार बिनीचा नव्हे. तो फार तर वाट चुकलेला स्वार म्हणावा लागेल. म्हणजे बिनी हे स्वरांच्या एखाद्या जातीचे नाव नाही. पुढच्याचे मागच्यांशी जे नाते असते त्याचे ते नाव आहे. जॅझच्या समीक्षेने नेमके हेच नजरेआड केले, असे आमचे म्हणणे आहे.

आता जॅझमध्ये घडले काय ते पाहू. साधारणपणे १९५० च्या दशकापर्यंत जॅझचा वादक स्वरसंगतींच्या ठरलेल्या मालिकेवर आपला विस्तार करीत असे. ही मालिका तालाच्या आवर्तनासारखी पुन्हापुन्हा फिरून येते. पियानो ती धरून ठेवतो आणि सॅक्सोफोन वा ट्रम्पेट वाजवणारा त्या चौकटीत नवी रचना करतो. टेक्सासमधील फोर्ट वर्थ येथे १९३० साली जन्मलेल्या ऑर्नेट कोलमन या वादकाने ही चौकट सोडली. १९५९ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबात तो आपला प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या ताफ्यात पियानोच नव्हता. त्याच वर्षीची त्याची ‘लोन्ली वुमन’ ही रचना ऐकावी. खाली ढोलवादन जलद धावत असते आणि वर शोकाची एक संथ धून चाललेली असते. स्वरसंगतीचे आवर्तन तिला बांधून ठेवत नाही. धूनच पुढची वाट दाखवते. ऐकणाऱ्यांत दोन तट पडले. काहींना ते सुटकेसारखे वाटले, काहींना ती फसवणूक वाटली.

मराठी श्रोत्याला या वादाचे थोडे हसू येईल. ख्याल गाणाऱ्याच्या पाठीशी तंबोऱ्याचा आधारस्वर असतो. बदलत्या स्वरसंगती कधीच नसतात. न्यूयॉर्कमध्ये जी क्रांती ठरली ती आपल्या गवयाची रोजची रीत होती. म्हणून कोलमनचे मोल कमी होत नाही. एवढेच कळते की बिनी कोठे आहे हे फौज कोठे उभी आहे त्यावर ठरते. हा मुद्दा आम्हांला पुढे पुन्हा लागणार आहे.

हे बिरुद चिकटवले कोणी, हेही पाहिले पाहिजे. कोलमनच्या १९५९ च्या ध्वनिमुद्रिकेचे नाव उद्याच्या जॅझची घोषणा करणारे आहे. पण ते सुचवले निर्मात्याने, वादकाने नव्हे. १९६१ साली ‘डाउनबीट’ या अमेरिकी नियतकालिकात जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी यांच्या वादनाला ‘जॅझविरोधी’ ठरवण्यात आले. पुढच्याच वर्षी त्या दोघांना त्याच नियतकालिकात आपली बाजू मांडावी लागली. विक्रेत्याला कप्पा हवा होता, टीकाकाराला शब्द हवा होता. वादकांची स्वतःची भाषा निराळी होती. शिकागोमध्ये १९६५ साली कृष्णवर्णीय वादकांनी आपली संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे आलेल्या आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो या ताफ्याने आपल्या कलेला ‘जॅझ’ वा ‘अवाँ-गार्द’ म्हणण्यापेक्षा थोर कृष्णवर्णीय संगीत म्हणणे पसंत केले आणि ते प्राचीनापासून भविष्यापर्यंत पसरलेले आहे असे सांगितले. म्हणजे ज्यांना जग पुढचे म्हणत होते ते स्वतः मागचेही सोबत घेऊन निघाले होते.

या मागच्यात सर्वांत मोठी गोष्ट होती ती चर्च. कोल्ट्रेनचे दोन्ही आजोबा मेथडिस्ट पंथाचे धर्मसेवक होते. अमली पदार्थांच्या विळख्यातून तो १९५७ साली बाहेर पडला आणि ती सुटका ही देवाची कृपा आहे असे त्याने मानले. त्या कृतज्ञतेतून ९ डिसेंबर १९६४ रोजी ‘अ लव्ह सुप्रीम’ या चार भागांच्या रचनेचे ध्वनिमुद्रण झाले. तिचा शेवटचा भाग स्तोत्राच्या नावाने आहे. कोल्ट्रेनने स्वतः लिहिलेली प्रार्थना तेथे सॅक्सोफोनवर अक्षरागणिक म्हटली जाते. शब्द उच्चारले जात नाहीत, पण वाक्य कोठे संपले आणि श्वास कोठे घेतला हे कानाला कळते. ज्यांनी उपासनेत आळवणीची प्रार्थना ऐकली आहे त्यांना हा भाग समजावून सांगावा लागणार नाही. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ध्वनिमुद्रित झालेल्या ‘मेडिटेशन्स’च्या पहिल्या भागाला त्याने पिता, पुत्र व पवित्र आत्मा असेच नाव दिले. तो भाग मात्र वादळासारखा आहे आणि शांत प्रार्थनेची अपेक्षा ठेवून बसणाऱ्याला तो हादरवून सोडतो. त्याच काळातील ॲल्बर्ट आयलरच्या वादनात कवायतीच्या चाली आणि चर्चमधील जुन्या गीतांचे पडसाद इतके स्पष्ट आहेत की त्याला केवळ पुढचा म्हणणे अपुरे ठरते. १९६७ च्या जुलैत कोल्ट्रेन वारला, तेव्हा न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स या लूथरन चर्चमध्ये त्याच्या अंत्यविधीला वाजवले ते आयलर आणि कोलमन यांनीच. समीक्षकांच्या कप्प्यात जे सर्वांत पुढचे, ते मित्राला निरोप देण्यासाठी वेदीसमोर उभे होते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो रास्त आहे. या बिरुदाखाली जे वाजवले गेले ते सगळेच चांगले आहे काय? नाही. कोल्ट्रेनची १९६५ ची ‘असेन्शन’ ही अकरा वादकांची रचना आम्ही आदराने ऐकतो, परंतु सामूहिक कल्लोळाच्या काही भागांत अकरा आवाजांपैकी कोण कोणाचे ऐकत आहे हे उमगत नाही. उत्कटता आहे, संवाद विरळ आहे. कठीण असणे हा गुण नव्हे. तो कधीकधी चुकता न येणारा खर्च असतो एवढेच. अनुयायांच्या दुसऱ्या फळीने तर अनेकदा खर्चच केला आणि माल काही घरी आणला नाही.

या संदर्भात कॅथलिक वाचकांनी एक नाव लक्षात ठेवावे, मेरी लू विल्यम्स. १९१० साली जन्मलेल्या या थोर पियानोवादक स्त्रीने १९५७ साली कॅथलिक श्रद्धेत बाप्तिस्मा घेतला. १९६२ साली संतपदास पोहोचलेल्या मार्टिन दे पोरेस या कृष्णवर्णीय संतावर तिने रचना केली. तिच्या जॅझ मिस्साचे वादन १९७५ साली न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथीड्रलमध्ये झाले. अवाँ-गार्दवर ती उघड टीका करी. जॅझची मुळे दुःखभोगात आणि आध्यात्मिक गीतांत आहेत, ती तुटली की झाड वाळते, असा तिचा पक्ष होता. असे असूनही एप्रिल १९७७ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये, अवाँ-गार्दचा मेरुमणी गणला जाणाऱ्या सेसिल टेलर याच्याबरोबर दोन पियानोंची मैफल करण्यास तिनेच पुढाकार घेतला. ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. खरे सांगायचे तर मैफल जमली नाही. ती जुन्या आध्यात्मिक गीतांकडे वळते, तो स्वरांच्या पुरात तिला ओढून नेतो. दोन पियानो एकमेकांशी बोलण्यापेक्षा एकमेकांवरून बोलतात. पण या फसलेल्या मैफलीला आम्ही अनेक जमलेल्या मैफलींहून मोलाची मानतो. साठीच्या उत्तरार्धात असलेली एक भाविक स्त्री, जे आपल्याला पटत नाही त्याच्या शेजारी जाऊन बसते, कान देते आणि आपली मुळे सोडत नाही. त्या संध्याकाळी बिनीवर कोण होते, असे विचारले तर आम्ही तिच्याकडे बोट दाखवू.

काळाने या बिरुदाची आणखी एक गंमत केली. कोलमन, कोल्ट्रेन, आयलर, टेलर यांच्या वादनाची काही लक्षणे ठरून गेली : तुटलेला ताल, किंचाळणारा सॅक्सोफोन, सैल रचना. आज ही लक्षणे जशीच्या तशी गिरवणाऱ्यालाही तेच बिरुद मिळते. साठ वर्षांपूर्वी काढलेल्या वाटेवरून आज चालणारा बिनीवर कसा? तो एका परंपरेचा वारकरी आहे. त्यात कमीपणा नाही. पण त्याला अग्रदूत म्हणणे म्हणजे शब्दाचा अर्थच घालवणे होय. अशा रीतीने जे नात्याचे नाव होते ते शैलीचे नाव झाले, आणि शैलीचे नाव झाल्यावर ते दुकानातल्या कप्प्याचे नाव झाले.

आता आपल्या दाराशी येऊ. मुंबईत ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकी वादकाचा ताफा आला आणि शहराला जॅझचा खरा परिचय झाला. तो उचलून धरणारे बहुसंख्य वादक गोव्याचे होते. पोर्तुगीज राजवटीत धर्मग्रामांच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी, व्हायोलिन आणि समूहगायन शिकवले जाई. चर्चच्या गायनवृंदात तयार झालेली ही मुले पोटासाठी मुंबईला आली, रात्री हॉटेलांत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओत वाजवू लागली. त्यांना लिहिलेले संगीत वाचता येत होते, स्वरसंगतीचे शास्त्र ठाऊक होते. मात्र ज्या देशात ती वाजवत होती त्या देशाचा राग त्यांना परका होता. म्हणजे कोलमनची फौज जेथे उभी होती त्याच्या नेमकी उलट बाजूस यांची फौज उभी होती. त्याला स्वरसंगतीतून बाहेर पडायचे होते. यांना स्वरसंगती हाती धरून रागाच्या प्रदेशात शिरायचे होते.

ही वाट काढणाऱ्यांत माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) अग्रभागी होते. वडील चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख. मुलगा मुंबईत येऊन चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिनवादक आणि संयोजक झाला. १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात त्यांनी शंभराहून अधिक वादकांचा वृंद उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. रागाची चाल आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाची स्वरसंगती एकत्र नांदवणाऱ्या स्वतःच्या रचना त्यांनी सादर केल्या. कोलमन न्यूयॉर्कला पोहोचण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. १९३६ साली मुंबईत जन्मलेले, मूळ गोव्याच्या कुटुंबातले गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा इंग्लंडला गेले. १९६९ साली त्यांचे ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकाच्या जो हॅरियट याच्यासह ‘हम दोनो’ असे दोन संग्रह निघाले. १९७२ साली ध्वनिमुद्रित झालेला ‘कोंकण डान्स’ मात्र २००६ पर्यंत प्रकाशितच झाला नाही. तोवर त्यांच्या निधनाला दहा वर्षे झाली होती. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी १९७० च्या ‘रागा रॉक’पासून रागाचा शोध चालू ठेवला आणि मुंबईत १९७८ साली सुरू झालेल्या ‘जॅझ यात्रे’ने अशा शोधाला व्यासपीठ दिले.

यांना अवाँ-गार्द म्हटले गेले काय? डिसिल्वा इंग्लंडमध्ये होते म्हणून तेथील जाणकारांनी दखल घेतली. इतरांच्या वाट्याला ‘हॉटेलातला बाजेवाला’ किंवा ‘साहेबाची नक्कल करणारा’ ही नावे आली. अनुकरण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुंबईच्या चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाची ख्यातीच भारताचा लुई आर्मस्ट्राँग अशी होती. परंतु याच चिक चॉकलेट यांनी पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांबरोबर १९५१ च्या ‘अलबेला’साठी काम केले आणि जॅझची लकेर गावोगावच्या तंबूतील सिनेमापर्यंत, म्हणजे आमच्या मराठवाड्यापर्यंतही पोहोचली. अँथनी गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील गाण्यात गुरूचे नाव अमर केले, त्याहून मोठी गुरुदक्षिणा म्हणजे रागाच्या चालीला व्हायोलिनांच्या ताफ्याची साथ देण्याची ती रीत, जी हिंदी चित्रपटसंगीताच्या अंगवळणी पडली. वाटेवरून फौज गेली. कोट्यवधी लोक गेले. वाट काढणाऱ्याच्या नावाचा दगड तेवढा कोणी रोवला नाही.

मराठी साहित्याच्या इतिहासाशी हे ताडून पाहावे. १९४७ साली ‘काही कविता’ आली आणि बा. सी. मर्ढेकर नवकाव्याचे जनक ठरले. पण त्या धक्कादायक कवितेने संतांच्या ओवी-अभंगाचा छंद हाती घेतला होता. १६१६ साली प्रसिद्ध झालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. इंग्लंडहून आलेल्या या येशूसंघी धर्मगुरूने नवा मजकूर इथल्या जुन्या छंदात ओतला. आणि आमच्या जिल्ह्यातील गंगाखेडची जनाबाई? दळण-कांडण, झाडलोट, पाणी भरणे हे ज्या काळी काव्याचे विषयच नव्हते, त्या काळी या दासीने देवाला आपल्या जात्याशी आणून बसवले. तिने नवा छंद शोधला नाही. बायाबापड्यांच्या तोंडचीच भाषा घेतली आणि तिला जेथे प्रवेश नव्हता तेथे नेले. निजामी अमलात, जेव्हा राज्यकारभार आणि शिक्षण उर्दूत चाले, तेव्हा परभणीत नोकरी करून मराठीत कथा-कविता लिहिणारे बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांचेही असेच. रूपाने धक्का देणारे ते नव्हते. पण मराठवाड्यातील मागून आलेल्या लेखकांना पायाखाली वाट मिळाली ती त्यांच्यामुळे. बिनी ओळखायची खूण कोल्ट्रेनपासून जनाबाईपर्यंत एकच दिसते : तिच्या पायाला मागच्या वाटेची माती असते आणि तिचे तोंड मागून येणाऱ्यांच्या गरजेच्या दिशेने असते.

हा विषय आमच्या कुटुंबांना जवळचा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला व स्थानिक संगीताला दार उघडले. तेव्हापासून धर्मग्रामात नवी चाल आली की कोणी तिला ‘आधुनिक’ म्हणून मिरवतो, कोणी ‘हे चर्चमध्ये शोभत नाही’ म्हणून झिडकारतो. दोघेही बिरुदाशी बोलत असतात, गाण्याशी नव्हे. तंबोरा आणला म्हणून कोणी मागासलेला होत नाही, ड्रम आणले म्हणून कोणी पुढारलेला होत नाही. विचारावे ते असे : ही चाल कोणत्या प्रार्थनेतून निघाली? शेवटच्या बाकावरील आजीला आणि दारात उभ्या मुलाला ती आपल्याबरोबर नेऊ शकते काय? आज जड वाटली तरी वर्षभराने सभा ती गुणगुणेल काय? आणि ती बांधणाऱ्याने स्वतः काही पणाला लावले आहे, की केवळ शहरातील तयार लक्षणे उचलून आणली आहेत?

एखाद्या मुलाने गायनवृंदात अनोळखी स्वर लावला, तर त्याला शिक्का मारण्यापूर्वी थोडे ऐकून घ्यावे, एवढीच आमची विनंती आहे. तो वाट चुकला आहे की वाट काढतो आहे, हे पहिल्या दिवशी कोणालाच सांगता येत नाही. न्यूयॉर्कच्या टीकाकारांना ते सांगता आले नाही, मुंबईच्या रसिकांनाही आले नाही. ते ठरते मागून येणाऱ्यांच्या पावलांनी; आणि मागून येणारे म्हणजे आपणच आहोत.